गाठीचा हरवलेला तुकडा

१

डबा उघडला तेव्हा आत काचपट्ट्या होत्या, डॉक्टरांची चिठ्ठी होती. जे पोचवायचं होतं तेवढंच नव्हतं.

माझा भाचा दत्तप्रसाद तेव्हा हिंगोलीत होता, तपासणीचे नमुने मुंबईला पाठवणाऱ्या एका लहानशा दुकानात. काउंटरमागच्या मुलीने डबा उलटा करून दाखवला. "दादा, मेणाचा ठोकळा कुठंय? नुसत्या काचांवर ही टेस्ट होत नाही."

त्याने तिथूनच मला नरसीला फोन लावला. "आत्या, बाबाचा तुकडा कुनीतरी नेला."

त्या तुकड्याचं आधी सांगते. मुंजाजी माझा पाठचा भाऊ, गोरेगावला राहतो. फाल्गुनात संभाजीनगरच्या एका दवाखान्यात त्याच्या डाव्या फुप्फुसातली कॅन्सरची गाठ काढली. लहान होती, वेळेत सापडली, पुरी निघाली. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, तेवढ्यात डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं.

"दोन माणसांच्या गाठी दुर्बिणीखाली अगदी सारख्या दिसतात," ते म्हणाले. "दोघांचं ऑपरेशन चांगलं होतं. एक जण पुढं वीस वर्षं शेती करतो, दुसऱ्याची गाठ दोन वर्षांत परत येते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो गाठीच्या पेशींच्या आत, जनुकांत असतो. कोणतं जनुक जागं आहे, कोणतं झोपलेलं, हे आता मोजता येतं. त्या खुणांवरून अंदाज येतो, माणूस कोणत्या बाजूचा."

"म्हंजी पंचांगच की," मुंजाजी म्हणाला.

"तारीख नाही सांगत हो. कल सांगतं. धोका जास्त निघाला तर केमो द्यायची. कमी निघाला तर ते विष कशाला? तुमचं हृदय आधीच कमजोर आहे. गरज नसताना केमो दिली तर तीच तुम्हाला संपवेल. गरज असून दिली नाही, तर गाठ."

एवढं सगळं त्या तुकड्यावर अवलंबून होतं. बोटाच्या पेराएवढा गाठीचा तुकडा पांढऱ्या मेणात बसवलेला. बाकीचे ठोकळे आधीच्या तपासण्यांत संपले होते. ज्यात गाठ उरली होती असा तो एकच. दत्तूने शुक्रवारी तो घरी आणला. चैत्राचं ऊन, मेण पातळ व्हायला नको, म्हणून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला. सोमवारी डबा तसाच उचलून हिंगोलीला नेला.

मी पिशवीत लुगडं टाकलं आणि गोरेगावची जीप धरली.

२

भावजय द्वारकाबाई दारात पाणी घेऊन उभी होती. मी मोरीवर पाय धुतले. साबणाची चिप एका इवल्याशा निळ्या जाळीवर ठेवलेली होती, पाणी निथळायला. द्वारकाचा संसार असाच, फुटकी बशीसुद्धा तिच्या घरात कामाला लागते.

"लई ऊन लागलं असंल आक्का," ती म्हणाली. तिचं तोंड प्रसन्न होतं. कपाळावरचं कुंकू रुपयासारखं गोल, ठसठशीत. दवाखान्यात हेच कुंकू घामाने नाकावर ओघळायचं आणि ती पदराने पुसत बसायची. नवरा धडधाकट घरी आला की बाईच्या कपाळावर तेज येतं, असं मी मनात म्हटलं.

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पाण्याची गाठ होती, काढली, मिटलं, एवढंच. तिला बीपीचा त्रास. मुंजाजीनेच सगळ्यांना शपथ घातली होती. घरात तो शब्द कुणी काढायचा नाही. ती खोलीत आली की आम्ही पावसापाण्याचं बोलायचो. आताही तिला सांगितलं होतं की दवाखान्याचा एक कागद हरवला आहे.

"कागुद व्हय?" ती म्हणाली. "मग येवढी तोंडं काहून उतरली समद्यांची? माझा दत्तू कधी काई इसरत न्हाई. सांगितलं ते आणतोच पोरगं. सापडंल कागुद."

ओसरीवर हिरासिंग जमादार येऊन बसलेला होता. सेनगावच्या ठाण्यातून रिटायर झालेला, मुंजाजीचा शाळेपासूनचा दोस्त. पूर्वी गावात कोंबडी हरवली तरी लोक त्याच्याकडे जायचे. मिशी पांढरी झाली, नजर मात्र तीच.

"देखो आक्का," द्वारका आत गेल्यावर तो हळू म्हणाला, "चोर पैसा नेतो, सोनं नेतो. आजारी माणसाचं मांस कोन नेतो?"

"तूच सांग."

"कुलूप तुटलं न्हाई. फ्रिजातली दुधाची पिशवी बी जागची हालली न्हाई. बाहेरचा कुनी आलाच न्हाई." त्याने चहाची बशी खाली ठेवली. "ह्या घरातल्याच हातानं उचललंय."

३

पहिली बोलावली पुनमला, दत्तूच्या बायकोला. ती आल्या आल्या चिडली.

"माझ्यावरच येनार तुमी, ठाव हाय मला. मी म्हणले होते, माणसाचं मांस दुधाच्या शेजारी नगं. म्हणले व्हय. कोन बाई म्हणनार न्हाई? पण म्हणून मी फेकीन का? सासरा हाय माझा."

"हात लावला होता डब्याला?"

"हात? मी फ्रिज उघडताना डोळे मिटत होते जमादार मामा! आन तुमी मलाच इचारता. आधी ह्याचा शोध लावा, माझी फोडणीची पळी कुनी जाळून काळी केली. घासून घासून नखं गेली माझी."

हिरासिंग हसला. "पळीची फिर्याद बी लिहून घेतो सूनबाई. शनिवारी, रविवारी घरात कोन कोन येऊन गेलं?"

"शिवशंकर बाबा आले होते. साखऱ्याचे. जडीबुटीवाले."

शिवशंकरला मी त्याच्या लहानपणापासून ओळखते. त्याचा बाप आमच्या जनावरांना औषध द्यायचा आणि माणसांना द्यायला घाबरायचा. पोरगं तेवढं घाबरत नाही. दुपारी आम्ही जीपने साखऱ्याला गेलो. तो लिंबाखाली मुळ्या कुटत बसला होता.

"शिवा," हिरासिंग म्हणाला, "मुंजाजीनं केमो घेऊ नये असं तू गावभर सांगून राहिला. खरं का?"

"खरं. माझा काढा घ्यावा त्यानं."

"आन तपासणीच झाली न्हाई, तर केमोचं बी ठरनार न्हाई. तुझ्या फायद्याचंच."

शिवशंकरने बत्ता खाली ठेवला. "जमादार, मी शनवारी ओसरीच्या आत पाय बी टाकला न्हाई. सूनबाईनं पाणी बी बाहेरच दिलं, इचारा तिला. माझ्यावर आळ घेता, आन तुमच्या दोस्ताला इचारलं का काई?"

"त्याला काय इचारू?"

"मला घरी कुनी बोलावलं, हे इचारा. त्यानंच बोलावलं. ओसरीवर येऊन माझ्या कानात म्हणला, 'शिवा, फ्रिजात एक डबा हाय. तेवढा घेऊन जा आन कुठं बी पुरून टाक.'"



४

मुंजाजी खाटेवर पडून होता. लहानपणी हा चिंचेवर चढायचा तेव्हा मी खाली ओचा पसरून उभी राहायची. चिंचांसाठी नाही, तो पडला तर झेलायला. आता त्याला कुशीवर वळायलाही दोनदा दम घ्यावा लागत होता.

"व्हय, म्हणलो होतो त्याला," तो म्हणाला. "शिवा भित्रा निघाला. न्हाई म्हणला."

"काहून रे?" माझा आवाज चढला. "पोरगं तुझ्यापायी धावाधाव करून राहिलं अन् तू..."

"आक्का, त्या डागदरनं सांगितलं, कोनत्या बाजूचा ते कळंल. मला कळून काय करायचं? समजा वाईट बाजूचा निघालो. मग रोज सकाळी उठून तिच्या हातचा चहा प्यायचा, ती म्हणनार, पुढच्या साली दक्षिणेत देव करून येऊ. मी काय म्हणू?"

हिरासिंग खाटेच्या काठावर बसला. "म्हणून मग तूच उचललंस."

"उचलनार होतो." मुंजाजीने भिंतीकडे तोंड केलं. "रविवारी पहाटं उठलो, भिताड धरत फ्रिजापाशी गेलो. डबा उघडला. काचा होत्या. मेण न्हव्हतं."

हिरासिंग बोटांवर वार मोजू लागला.

"माझ्या आधीच कुनीतरी नेलं होतं हिरा. मला वाटलं, देवानंच नेलं. म्हणून गप बसलो."

मागे दारात दत्तू उभा होता. तो नुकताच बाहेरून आला होता, काही ऐकलं नव्हतं त्याने. हिरासिंगने त्याला अंगणात नेलं, मी पाणी घेऊन मागोमाग गेले.

"ठोकळा दिसायला कसा होता? नीट सांग."

"पांढरं मेण. मधी तपकिरी तुकडा. खाली प्लॅस्टिकची छोटी जाळी असते, तिच्यावर मेण बसवलेलं. जाळीवर नंबर."

"कोनत्या रंगाची जाळी?"

"निळी."

माझ्या हातातलं फुलपात्र खाली पडलं. दत्तूला वाटलं, उन्हाने चक्कर आली.

५

दत्तू आत गेल्यावर हिरासिंग माझ्याजवळ येऊन बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला काहीतरी कळलंय हे त्याला कळलं होतं.

"मी माझं सांगतो आक्का, मग तुमी तुमचं सांगा. डब्यात काय हाय, हे चार जनांना ठाव होतं. पुनम डरली असती तर तिनं डबाच चिमट्यानं उचलून उकिरड्यावर टाकला असता, उघडून निवडत बसली नसती. शिवा आत आला न्हाई. मुंजाजीला टेस्ट नको होती. त्यानं नेलं असतं तर चिठ्ठी बी जाळली असती, काचा बी. दत्तूनं तर आणलं. मग नेनारानं केलं काय? काचा बराबर ठेवल्या, चिठ्ठी ठेवली, झाकण लावलं, डबा जागेवर ठेवला. हे चोराचं काम न्हाई. आपल्याच घरातली वस्तू काढून घेतल्यावर माणूस असं करतो."

"पुढं बोल."

"ज्याला ठाव होतं, त्याला तो तुकडा घालवायचा होता. ज्यानं नेलं, त्याला तुकड्याशी घेणंच न्हव्हतं. त्याला मेण पाहिजे होतं." त्याने मिशीवरून हात फिरवला. "पण मेण कुनाला लागतं? इथं माझी गाडी अडून राहिली. मी गडी माणूस."

मला आई दिसत होती. आमच्या लहानपणी पोळं झडलं की ती मध पोरांना द्यायची आणि मेण स्वतःला ठेवायची. खोबरेल घालून पळीत पातळ करायची, फडक्याने गाळायची, पितळी करंड्यात ओतायची. सकाळी आधी कपाळाला मेण, त्याच्यावर कोरडं कुंकू. रानात दिवसभर खुरपलं तरी ते हलत नसे. आता सगळ्या जणी टिकल्या लावतात, मीसुद्धा. मेण दुकानात मिळत नाही. हिंगोलीत विचारलं तर मेणबत्ती दाखवतात. आमच्या घरात मेण लावणारी एकच बाई उरली आहे.

मी हिरासिंगला मोरीवरची जाळी सांगितली, काळी झालेली पळी सांगितली. कपाळाचं सांगायचं राहिलं होतं. मी नुसता माझ्या कपाळाला हात लावला.

"या अल्ला," तो म्हणाला. गडबडला की ठाण्यातल्या जुन्या जोडीदारांची बोली अजून त्याच्या तोंडी येते.

मी देवघरात गेले. द्वारका फुलवाती वळत होती.

"कुंकू लई छान बसलंय गं तुझं," मी म्हटलं. "मेण कुठं मिळालं?"

ती लाजली. साठीची बाई, पण लाजली. "दत्तूनं आणलं. दवाखान्यातच सांगितलं होतं त्याला, शहरात मेण भेटलं तर आणजो बाबा, तुझ्या बापासाठी लावायचंय, तेलावर कुंकू थांबून न्हाई राहिलं. पोरगं बोललं न्हाई काई. गुपचूप फ्रिजात आणून ठेवलं. शनवारी दूध काढाया गेले तर दिसलं. एवढ्या धावपळीत बी आईचं ध्यानात ठेवलं बघा."

"चांगलं आहे का मेण?"

"कशाचं चांगलं! मधी तपकिरी घाण निघाली. आजकाल मेणात बी भेसळ करून राहिले लोक. पातळ केलं, गाळून घेतलं."

दारातून हिरासिंगचा आवाज आला. किती जपून विचारलं त्याने. "अन् तो गाळ, भाभी?"

"गाळ? चुलीत टाकला." तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. हातातली वात तशीच राहिली. "काहून हो भाऊजी?"

"काई न्हाई भाभी," हिरासिंग म्हणाला. "घरवालीला सांगीन म्हणतो. तिला बी मेण मिळत न्हाई."

६

हिरासिंगने मला डॉक्टरांना फोन लावून दिला. मी म्हटलं, मेण आहे थोडं, तेलात मिसळलेलं, गाळलेलं. 

"त्यात काही उरलेलं नसणार, ताई."

"दुसरा तुकडा?"

"गाठ आपण पुरी काढली. आता तुकडा मिळायचा तर ती परत यावी लागेल. आणि ती यावी असं मी कसं म्हणू?" मग म्हणाले, "या खुणा नव्हत्या तेव्हा आम्ही अंदाजानेच ठरवायचो. आता तसंच ठरवावं लागेल. माझा अंदाज चुकूही शकतो."

मुंजाजीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. लपवायचं कुणापासून आणि किती, याचा माझ्या डोक्यात पार गुंता झाला होता. त्याने सगळं ऐकलं आणि हसू लागला. हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळली.

"म्हंजी मी तिच्या कपाळावर हाय," तो म्हणाला. मग त्याचं हसू गेलं. "तिला सांगायचं न्हाई. आन दत्तूला तर मुळीच न्हाई. आईनं मागितलेलं मेण त्यानं आणलंच न्हाई, हे त्याला आठवंल. मग जन्मभर त्याच आठवणीत राहील पोरगं."

"मग पोराला काय सांगायचं?" हिरासिंगने विचारलं. "तो तर चोर शोधून राहिला. उद्या शिवाच्या घरी काठी घेऊन जाईल."

"दत्तूला बोलाव."

दत्तू आला. मुंजाजी उशीला टेकून बसला. आमच्याकडे त्याने एकदा पाहिलं, गप्प राहा म्हणून.

"दत्तू, मीच टाकलं रं ते चुलीत. मला कळून घ्यायचं न्हव्हतं."

दत्तू खाटेपासून मागे सरकला. मग तो म्हणाला, "मी तुमच्यासाठी... रात्रीची गाडी पकडून, मांडीवर डबा धरून आणलं होतं ते." तो निघाला. जाता जाता दारात वळला. "केमो घ्यायची. आता तुमचं काई ऐकनार न्हाई मी."

"घेतो," मुंजाजी म्हणाला.

डॉक्टरांनी अंदाज बांधला आणि केमो ठरली. पहिल्या सलाईननंतर मुंजाजी वेळेआधी पिकून गळलेल्या पानासारखा झाला. केमोची त्याला गरज होती की नाही, हे सांगू शकणारी एकच वस्तू जगात होती. हिरासिंग रोज येऊन खाटेपाशी बसे. एकदा मला म्हणाला, "आक्का, नोकरीत लई केसी सुटल्या न्हाईत. पण ही सुटलेली केस, हिचं काय करू?"

दत्तू बापाला गाडीत घालून न्यायचा, आणायचा, औषधं वेळेवर द्यायचा. बोलायचा मात्र नाही.

नरसीहून आमच्या ह्यांचा फोन आला, एकादशीची गर्दी आहे, आपल्या दुकानात माणूस नाही, ये. मी पिशवी भरली. दाराशी द्वारकाने मला थांबवलं.

"सवाष्ण बाई अशी रिकाम्या कपाळानं कुठं निघाली? ही टिकली काय कुंकू हाय व्हय? थांबा."

ती देवघरातून करंडा घेऊन आली. माझी टिकली तिने नखाने काढली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आक्का, एक इचारू? मला समदं ठाव हाय. पाण्याची गाठ न्हव्हती ती. वार्डातल्या बाया एकमेकींना सांगत होत्या, मी काय बहिरी हाय का? तुमी समदे लपवून राहिले, म्हणून मी बी लपवून राहिले. ह्यांना बरं वाटावं म्हणून हसून राहिले."

मी पिशवी खाली ठेवली.

"आता ह्ये म्हणत्यात, ह्यांनीच कायतरी जाळून टाकलं. दत्तू बापाशी बोलंना झाला. एवढं काय होतं त्ये? माझ्यापासून कशाला लपवता? आधीच सांगितलं असतं, तर मी राखलं असतं की. डोळ्यात तेल घालून राखलं असतं."

तिने करंड्याचं झाकण उघडलं. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. खोबरेलाचा वास आला. तिने मधलं बोट मेणावरून फिरवलं आणि माझ्या कपाळाकडे आणलं.

आतल्या खोलीतून मुंजाजीचा खोकला ऐकू आला. थांबला. पुन्हा आला.

"काय होतं, आक्का?"

"कागद होता गं," मी म्हटलं.

तिचं बोट माझ्या कपाळावर टेकलं. मेण गार होतं.

"हालू नका," ती म्हणाली. "तुमच्या भावाला आयुक्ष मागते."

मी हालले नाही.